शब्द परके, फरक घरचे

(आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी इंग्रजीच्या बाईंच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



आठवीच्या वर्गातला एक प्रसंग मी तुमच्यापुढं ठेवतो, कारण आजचं सगळं व्याख्यान त्या एका प्रसंगातून निघालं आहे. माझ्या बाकावरच्या मुलानं आजोबांवर पाच वाक्यं लिहून आणली होती. तिसरं वाक्य त्यानं उभं राहून वाचलं : ‘माय ग्रँडफादर इज यूज्ड टू गो टु पंढरपूर.’ बाईंनी वही मागितली नाही, चूक म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, “आजोबा आहेत का रे घरी?” तो म्हणाला, “नाही बाई. ते वारले.” बाई थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, “मग मला मराठीत नीट सांग. आजोबा पंढरपूरला जायचे, की त्यांना जायची सवय आहे?” तो खाली बघत म्हणाला, “जायचे.”

बाईंनी फळ्यावर खडूनं एक उभी रेघ ओढली. डावीकडे लिहिलं ‘जायचे’, उजवीकडे लिहिलं ‘जायची सवय आहे’. मग डावीकडे खाली ‘यूज्ड टू गो’ आणि उजवीकडे खाली ‘इज यूज्ड टू गोइंग’. नियम सांगितला नाही, व्याकरणाचं नावही घेतलं नाही. पण त्या दिवसापासून आमच्या वर्गातलं कुणी त्या दोन रकान्यांत गोंधळलं नाही.

पुढं मी स्वतः तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. त्या तीस वर्षांत बाईंच्या त्या उभ्या रेघेचा अर्थ मला हळूहळू कळत गेला. तो एका वाक्यात सांगायचा तर असा : शब्द मराठीतून आणू नका, फरक मराठीतून आणा. इंग्रजीत एकमेकांसारखी दिसणारी, म्हणून हटकून गोंधळात पाडणारी जी क्रियापदांची जोडपी आहेत, त्यांतल्या बहुतेकांमधला फरक आपल्या मराठीत आधीपासून आहे. आपण तो दिवसभर, न चुकता, न शिकता पाळतो. इंग्रजी लिहायला बसलो की मात्र तो दाराबाहेर ठेवून आत जातो. तो आत घेऊन कसं यायचं, हे मला आज सांगायचं आहे.

सवय आणि आठवण

त्या ‘यूज्ड टू’पासूनच सुरुवात करू. ‘मी सायकलनं शाळेत जायचो’ या वाक्यातला ‘जायचो’ हा मराठीचा फार मोलाचा प्रकार आहे. एकदा गेलो असं तो म्हणत नाही. पुन्हा पुन्हा जात होतो, आणि आता ते दिवस मागं पडले, असं एका शब्दात सांगतो. इंग्रजीतला साधा ‘यूज्ड टू गो’ नेमकं हेच सांगतो. ‘जायचो’ला जसा वर्तमानकाळ नाही, तसा यालाही नाही. उलट ‘ॲम यूज्ड टू’ म्हणजे ‘सवय आहे’ आणि ‘गॉट यूज्ड टू’ म्हणजे ‘सवय झाली’, आपल्या भाषेत ‘अंगवळणी पडलं’.

आता ‘सवय’ हा शब्द काय मागतो ते ऐका. गोंगाटाची सवय, थंडीची सवय, लवकर उठण्याची सवय. प्रत्येक वेळी मागं ‘ची’ आहे, आणि ‘ची’च्या मागं नाम किंवा नामासारखं वागणारं क्रियापद आहे. इंग्रजीतही तसंच : ‘यूज्ड टू नॉइझ’, ‘यूज्ड टू गेटिंग अप अर्ली’. पत्राच्या शेवटी मुलं हमखास ‘लुकिंग फॉरवर्ड टु मीट यू’ लिहितात. त्यांना मी विचारतो, मराठीत काय म्हणाल? ‘भेटण्याची वाट पाहतोय.’ इथंही ‘ची’ आहे, म्हणून ‘मीटिंग’. ‘तुम्ही इथं बसण्याला माझी हरकत नाही’ यातही भाव तोच, बसण्याची हरकत. म्हणून ‘ऑब्जेक्ट टु’च्या पुढंही ‘सिटिंग’. सवय, वाट, हरकत : हे तीन शब्द लक्षात ठेवले की परीक्षेतला एक मोठा प्रश्न सुटतो.

‘यूज्ड टू’चा तिसरा एक जुळा भाऊ आहे : ‘ही सुरी पाव कापायला वापरतात’, ‘धिस नाइफ इज यूज्ड टु कट ब्रेड’. कागदावर तिघंही सारखे दिसतात, पण कानाला फरक कळतो. जायचो आणि सवय या दोन अर्थांत इंग्रज माणूस मधलं व्यंजन कोरडा ‘स’ म्हणून उच्चारतो आणि दोन शब्द जोडून ‘यूस्टू’ म्हणतो. वापरण्याच्या अर्थात मात्र ‘झ’ घुमतो : ‘यूझ्ड टु’. बाई हे मोठ्यानं वाचून दाखवायच्या. डोळ्यांनी शिकलेली भाषा कानांनी तपासून घ्यावी, हे मला तेव्हा कळलं.

गेल्याचा आणि जाऊन आल्याचा फरक तर आपण लहानपणीच पचवलेला असतो. ‘दादा पुण्याला गेलाय’ म्हटलं की दादा घरात नाही. ‘दादा पुण्याला जाऊन आलाय’ म्हटलं की दादा समोर बसलाय आणि पुण्याच्या गोष्टी सांगतोय. ‘हॅज गॉन’ आणि ‘हॅज बीन’ यांच्यात याहून जास्त काही नाही. तरीही ‘आय हॅव गॉन टु मुंबई टू टाइम्स’ असं वाक्य वहीत येतं, कारण लिहिणारा ‘गेलो’ हा शब्द शोधतो. ‘जाऊन आलो’ हा अर्थ शोधत नाही.

एका पत्राची किंमत

आता जरा गंभीर जोडीकडे येतो, कारण ती मला स्वतःला महागात पडली आहे.

हैदराबादला इंग्रजीच्या शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात तमिळनाडूतले एक शिक्षक माझे मित्र झाले. त्यांना मराठी येत नव्हती, मला तमिळ येत नव्हती. आमच्या मैत्रीचा सगळा भार इंग्रजीवर होता. पुढं एकदा मी त्यांच्या गावी निघालो. त्यांनी लिहिलं, पहाटे साडेचारला गाडी येते, मी स्टेशनवर येतो. मला त्यांच्या वयाची काळजी वाटली. मनात मराठी वाक्य आलं, “अहो, तुम्ही स्टेशनवर यायला नको.” आणि मी पोस्टकार्डावर लिहिलं, ‘यू मस्ट नॉट कम टु द स्टेशन.’

ते आले नाहीत. घरी गेल्यावर त्यांनी स्वागत केलं, पण दोन दिवस त्यांच्या बोलण्यात एक अंतर होतं. निघायच्या आदल्या रात्री त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, माझं येणं तुम्हाला का नको होतं? मी ते कार्ड परत वाचलं, आणि माझी मान खाली गेली. मी प्रेमानं लिहिलेलं वाक्य त्यांच्या हातात मनाई होऊन पडलं होतं. मला लिहायचं होतं ‘यू डोन्ट हॅव टू कम’.

नंतर मी खूप विचार केला. ‘यायला नको’ हे मराठीत दोन्ही अर्थांनी चालतं. आवाजातला ओलावा, चेहरा, ‘अहो’ आणि ‘हं’ हे सगळं मिळून अर्थ ठरतो. पोस्टकार्डावर यांतलं काहीच जात नाही. पण मराठीत दोन्ही अर्थांची स्पष्ट रूपंही आहेत. ‘आलं नाही तरी चालेल’ यात नकार सक्तीला आहे. येणं खुलं आहे. ‘येता कामा नये’ यात नकार येण्यालाच आहे. इंग्रजीत ‘डोन्ट हॅव टू’ पहिलं आणि ‘मस्ट नॉट’ दुसरं. त्या रात्री मी मनातल्या मनात आणखी एक मराठी वाक्य बनवलं असतं, तर एका सज्जन माणसाचं मन दोन दिवस खट्टू झालं नसतं.

याच घरातली आणखी तीन भावंडं आहेत. ‘मला जावं लागलं’ : मी गेलो, नाइलाजानं. ‘मला जायला हवं होतं’ : मी गेलो नाही, आणि त्याची रुखरुख आहे. ‘मला जायचं होतं’ : इच्छा होती किंवा ठरलं होतं, पुढं काय झालं ते अजून सांगितलेलं नाही. मुलं तिन्हींसाठी एकच ‘आय हॅड टू गो’ लिहितात. ते फक्त पहिल्याचं काम करतं. दुसऱ्याला ‘आय शुड हॅव गॉन’ लागतं, तिसऱ्याला ‘आय वॉन्टेड टु गो’ किंवा ‘आय वॉज टु गो’. मराठी माणूस ‘लागलं’ आणि ‘हवं होतं’ यांत कधीही गल्लत करत नाही. आईच्या आजारपणात गावी जावं लागलेला मुलगा आणि जायला हवं होतं असं म्हणणारा मुलगा यांच्यातलं अंतर आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. मग इंग्रजीत ते अंतर पुसून का टाकायचं?

कुलूप लावल्याचं, कुलूप लावायचं

माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग आता येतो.

रात्रीची एसटी. गाडी गावाबाहेर पडली आहे. कुटुंबातलं कुणीतरी एकदम विचारतं, “दाराला कुलूप लावलं ना?” उत्तर येतं, “हो, लावल्याचं आठवतंय मला. किल्ली दोनदा फिरवली.” दुसऱ्या दिवशी परत निघताना तीच व्यक्ती म्हणते, “आज कुलूप लावायचं लक्षात ठेवा हं.” ‘लावल्याचं’ आणि ‘लावायचं’. मधला एवढासा तुकडा बदलला आणि काळाची दिशा बदलली. ‘ल्या’मध्ये काम होऊन गेलंय, मन मागं वळून त्याच्याकडे बघतंय. ‘आय’मध्ये काम अजून व्हायचंय, मन पुढं बघतंय.

इंग्रजीत ‘आय रिमेम्बर लॉकिंग द डोअर’ म्हणजे लावल्याचं आठवतं, आणि ‘रिमेम्बर टु लॉक द डोअर’ म्हणजे लावायचं लक्षात ठेव. ‘विसरणे’चंही तसंच. ‘मी त्यांना भेटायला विसरलो’ आणि ‘मी त्यांना भेटल्याचं कधी विसरणार नाही’ : पहिल्यात भेट झालीच नाही, दुसऱ्यात ती आयुष्यभर पुरली. ‘रिग्रेट’चंही तसंच. ‘कळवायला खेद होतो’ हे सरकारी पत्रातलं, अजून कळवायचंय. ‘कळवल्याचा पश्चात्ताप होतो’ हे कळवून बसलेल्या माणसाचं.

आता त्या इंग्रजी ‘टु’कडे बघू. हा ‘टु’ मुळात दिशा दाखवणारा शब्द आहे, एखाद्या ठिकाणाकडे जाण्याचा. तोच पुढं क्रियापदाच्या मागं उभा राहिला, म्हणून त्याचा रोख बहुतेक वेळा पुढच्या, व्हायच्या कामाकडे असतो. आणि आपला ‘ला’? ‘गावाला जातो’मध्ये तो ठिकाणाकडे नेतो, ‘चहा प्यायला थांबलो’मध्ये कामाकडे नेतो. दोन दूरच्या भाषांनी कामाकडे जाण्यासाठी एकच वाट धरली आहे. म्हणून मी मुलांना सांगायचो, मराठी वाक्यात ‘ला’ ऐकू येतो का बघा. ‘तो विडी ओढायला थांबला’ : ‘ला’ आहे, म्हणून ‘स्टॉप्ड टु स्मोक’. ‘त्यानं विडी ओढणं थांबवलं’ : ‘ला’ नाही, म्हणून ‘स्टॉप्ड स्मोकिंग’. पहिल्या माणसाची डॉक्टरला चिंता वाटेल, दुसऱ्याचं तो कौतुक करेल.

‘ट्राय’ची जोडी तर मराठीनं जणू हातात ठेवली आहे. खिडकी अडकून बसलीय : ‘उघडायचा प्रयत्न कर’, ‘ट्राय टु ओपन इट’. खिडकी सहज उघडते, पण खोलीत उकडतंय : ‘खिडकी उघडून पाहा’, ‘ट्राय ओपनिंग द विंडो’. ‘करून पाहणे’ हे रूप ज्याच्या जिभेवर आहे, त्याला या इंग्रजी जोडीचं कोडं पडायचं कारण नाही.

बाकीच्या काही जोड्या भराभर सांगतो. ‘से’ म्हणजे म्हणणे, ‘टेल’ म्हणजे सांगणे. ‘मला म्हणाला’मध्ये ‘मला’ गाळलं तरी चालतं, पण ‘सांगितलं’ म्हटलं की कुणाला, हा प्रश्न लगेच येतो. म्हणून ‘टेल’च्या पुढं माणूस लागतो. ‘हिअर’ म्हणजे ऐकू येणे, ‘लिसन’ म्हणजे ऐकणे. ‘सी’ म्हणजे दिसणे, ‘लुक’ म्हणजे बघणे, ‘वॉच’ म्हणजे बघत राहणे. ‘लेंड’ म्हणजे उसनं देणे, ‘बॉरो’ म्हणजे उसनं घेणे. शेजारच्या काकूंकडून वाटीभर साखर आणणाऱ्या मुलीला ती देतेय की घेतेय याचा कधी संभ्रम पडत नाही.

पडणे, पाडणे आणि एक जुनं नातं

हे जुळणं नेहमीच योगायोगाचं नसतं. काही ठिकाणी ते खरोखर रक्ताचं नातं आहे.

इंग्रजीत हमखास चुकणारी एक जोडी आहे ‘लाय’ आणि ‘ले’ : पडून राहणे आणि ठेवणे. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेसुद्धा इथं चुकतात, कारण पहिल्याचा भूतकाळ दुसऱ्यासारखाच दिसतो. या जोडीच्या शेजारी आणखी काही जोड्या ठेवा. ‘सिट’ बसणे, ‘सेट’ बसवणे. ‘राइझ’ उठणे, ‘रेझ’ उठवणे, उचलणे. ‘फॉल’ पडणे, ‘फेल’ पाडणे, म्हणजे झाड तोडून आडवं करणे. आता मराठी जोड्या म्हणा : पडणे-पाडणे, मरणे-मारणे, गळणे-गाळणे, चरणे-चारणे, तरणे-तारणे. आपोआप होणारं एक, दुसऱ्यानं करवलेलं दुसरं, आणि फरक फक्त मधल्या स्वराचा.

संस्कृतात ‘पतति’ म्हणजे पडतो आणि ‘पातयति’ म्हणजे पाडतो. त्यातला ‘अय’ मराठीपर्यंत येता येता झिजला. मागं राहिला तो लांब झालेला ‘आ’. इंग्रजी ज्या कुळातली आहे त्या जर्मानिक भाषांच्या पूर्वजातही करवण्याच्या अर्थाचा असाच ‘य’ असलेला प्रत्यय होता. तो झिजला, पण जाताना आधीचा स्वर बदलून गेला. ‘सेट’, ‘ले’, ‘फेल’ ही त्याची उरलेली खूण. भाषाशास्त्रज्ञ हे दोन्ही प्रत्यय एकाच मुळाचे मानतात. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच उगमातून आल्या असाव्यात असं मांडलं, त्या विचाराचीच ही पुढची फळं.

यातली माझी आवडती जोडी आहे ‘ड्रिंक’ आणि ‘ड्रेंच’. आज ‘ड्रेंच’ म्हणजे चिंब भिजवणे. पण मुळात त्याचा अर्थ होता पाजणे, पिणेचं करवलेलं रूप. आजही इंग्रजी बोलणारे शेतकरी गुरांना औषध पाजतात तेव्हा हाच शब्द वापरतात. आपल्या गोठ्यातही माणूस औषध पितो आणि गुराला औषध पाजतो. मराठीत ही पद्धत अजून जिवंत आणि वाहती आहे. इंग्रजीत तिचे ओहोळ उरलेत. म्हणून ‘लाय’ आणि ‘ले’ची भीती वाटणाऱ्या मुलाला मी म्हणतो, तू ‘पडतो’ म्हणणार आहेस की ‘पाडतो’? इतकंच ठरव.

जिथं मराठी साथ देत नाही

आता दुसरी बाजू. काही ठिकाणी मराठी आपल्याला अडचणीत आणते, आणि ते मोकळेपणानं मान्य केलं पाहिजे.

मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि गुरुजी परीक्षा घेतात. इंग्रजीत नेमकं उलट : विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो, शिक्षक ‘गिव्ह’ करतात. ‘आय गेव्ह माय एसएससी एक्झाम’ म्हणणाऱ्या मुलानं शब्द आणला. तो चुकीच्या घरात जाऊन पडला. ‘च्याशी लग्न’मुळे ‘मॅरिड विथ’ येतं, तिथं ‘टु’ हवं. ‘च्यावर रागावला’मुळे ‘अँग्री ऑन’ येतं, तिथं ‘विथ’ हवं. दिवा ‘बंद’ करतो म्हणून मुलं ‘क्लोज द लाइट’ लिहितात. ‘चालू’ आणि ‘बंद’ या दोन शब्दांनी मराठी दार, नळ, दिवा, दुकान सगळं चालवते. इंग्रजीत दार ‘क्लोज’ होतं आणि दिवा ‘टर्न ऑफ’ होतो.

‘डिस्कस अबाउट’ ही तर देशभरची चूक. आपण विषयावर चर्चा करतो, म्हणून ‘अबाउट’ चिकटतं. पण जुन्या चांगल्या मराठीत एक शब्द आहे, ‘चर्चिणे’. ‘हा प्रश्न सभेत चर्चिला गेला’ असं वृत्तपत्रांत आपण वाचतो. ‘प्रश्नावर चर्चिला गेला’ असं कुणी म्हणत नाही. ‘डिस्कस’ हा इंग्रजीतला चर्चिणे आहे. विषय त्याच्या पोटातच आहे. म्हणजे इथंही इलाज मराठीतच होता, जरा आतल्या कपाटात. ‘कोप अप विथ’चा उगम वेगळा : ‘कीप अप विथ’ म्हणजे बरोबरीनं राहणे, आणि ‘कोप विथ’ म्हणजे निभावून नेणे, या दोन्हींची सरमिसळ होऊन तिसरंच काही तयार झालं. ‘अप’ फक्त पहिल्यालाच द्यायचा.

‘मेक’ आणि ‘डू’ मात्र दोन्ही आपल्याला ‘करणे’. काही नवं तयार होत असेल तर ‘मेक’, काम उरकायचं असेल तर ‘डू’, एवढा आधार सांगता येतो. पण ‘मेक अ मिस्टेक’, ‘मेक अ डिसिजन’, ‘डू अ फेवर’ अखंड पाठ करावे लागतात. यावर मुलं वैतागतात तेव्हा मी त्यांना मराठीकडे वळवतो. आपण गप्पा मारतो, हाक मारतो, मिठी मारतो, थाप मारतो. कुणालाच मार लागत नाही. आपण फोटो काढतो, रांगोळी काढतो, खोडी काढतो, गाईचं दूध काढतो आणि वाईट दिवसही काढतो. साडी नेसायची, सदरा घालायचा, फेटा बांधायचा, गजरा माळायचा, टिकली लावायची. मोल्सवर्थनं १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश केला आणि थॉमस कँडीनं १८४७ साली इंग्रजी-मराठी कोश पूर्ण केला. हे परके लोक आपल्या शास्त्र्यांच्या मदतीनं अशाच वापरांमधून वाट काढत होते. आपल्याला ही क्रियापदं कधी अवघड वाटली नाहीत, कारण ती आपण सुटी शिकलोच नाही. रांगोळी आणि काढणे आपल्या कानावर जोडीनंच पडली. इंग्रजी जोड्याही तशाच, जोडीनंच शिकाव्या लागतात.

क्रियापदाला ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ लावून बनणाऱ्या प्रयोगांचंही असंच आहे. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ च्या कोशाच्या प्रस्तावनेतच मान्य केलं होतं की परक्यांना इंग्रजीत सर्वांत जड जाणारी गोष्ट हीच. पण ज्याच्या भाषेत संयुक्त क्रियापद आहे त्यानं इतकं घाबरू नये. ‘खा’ आणि ‘खाऊन टाक’, ‘लिही’ आणि ‘लिहून ठेव’, ‘कर’ आणि ‘करून बघ’. दुसरं क्रियापद आपला मूळ अर्थ सोडून पहिल्याला एक छटा देतं. ‘ईट अप’मधला ‘अप’ वर नेत नाही, तो संपवून टाकतो. ‘राइट डाउन’मधला ‘डाउन’ लिहून ठेवतो. ‘ट्राय आउट’ म्हणजे करून बघणे. सगळेच प्रयोग असे उलगडत नाहीत. ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे, हे आपलंसं करूनच घ्यावं लागतं. पण दार कुठं आहे ते तरी कळतं.

चुकांची कदर

परक्या विद्यार्थ्यांच्या अडचणी ही किती मोठी संपत्ती आहे, याचं एक उदाहरण देतो. ए. एस. हॉर्नबी नावाचे इंग्रज शिक्षक १९२४ साली जपानला शिकवायला गेले. इंग्रज वाचकासाठी केलेले कोश शब्दाचा अर्थ सांगत, पण ‘स्टॉप’च्या पुढं काय येतं, ‘सजेस्ट’च्या पुढं काय येत नाही, हे सांगत नसत, इंग्रज वाचकाला ते सांगायची गरजच नव्हती. जपानी विद्यार्थ्याला होती. हॉर्नबींनी दोन सहकाऱ्यांसह इंग्रजी क्रियापदांचे २५ साचे पाडले आणि प्रत्येक क्रियापद कोणत्या साच्यात बसतं ते नोंदवलं. तो कोश १९४२ साली टोकिओत छापला गेला. पुढं १९४८ साली तोच ऑक्सफर्डनं प्रसिद्ध केला, आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्या आज आपल्या कपाटांत आहेत. इंग्रजी शिकणाऱ्यांचा सर्वांत गाजलेला कोश इंग्लंडच्या वर्गात जन्मला नाही. तो अशा वर्गात जन्मला जिथं सगळ्यांची मातृभाषा दुसरी होती.

आपला वर्गही तसाच आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं. मला त्याचा आनंद आहे. गावातल्या मुलाला ही भाषा लवकर आणि चांगली मिळाली पाहिजे. काळजी वेगळीच आहे. इंग्रजी वाढवायचं म्हणून अनेक घरांतून आणि वर्गांतून मराठी आखडत चालली आहे. ‘मराठीत बोलू नका’ अशी पाटी मी वर्गांत पाहिली आहे. ज्या मुलाच्या कानावर ‘लावल्याचं’ आणि ‘लावायचं’ दोन्ही भरपूर पडलेलं नाही, ज्याला ‘जावं लागलं’ आणि ‘जायला हवं होतं’ यांतली रुखरुख ऐकू येत नाही, त्याला इंग्रजीतल्या त्याच फरकासाठी तराजू कुठून आणून देणार? नियमाचं पान पाठ करून घेता येईल, पण पोस्टकार्ड लिहायच्या क्षणी ते पान आठवत नाही. त्या क्षणी मदतीला येतो तो आईच्या बोलण्यातून अंगात मुरलेला फरक.

म्हणून माझी इथल्या शिक्षकांना कळकळीची विनंती आहे. इंग्रजीच्या तासाला मराठीला दाराबाहेर उभं करू नका. शब्दाला शब्द लावणारं भाषांतर नको, ते घात करतं, हे मी आत्ताच सांगितलं. पण मुलानं चुकीचं क्रियापद निवडलं की त्याला विचारा, नेमकं काय झालं ते मराठीत सांग. गेला, की जाऊन आला? जायचा, की जायची सवय आहे? पडलं, की पाडलं? आणि पालकांनो, घरी मराठी भरपूर बोला, नेमकी बोला. तुम्ही मुलाशी जितकी बारीक मराठी बोलाल, तितकं त्याचं इंग्रजी बारीक होईल. माझा तीस वर्षांचा अनुभव हेच सांगतो.

शेवटी बाईंकडे येतो. निवृत्तीनंतर बरीच वर्षं त्या गावातच होत्या. मी शिक्षक झाल्याचं सांगायला गेलो तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला : “फळ्यावर मधली रेघ ओढतोस ना?” मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या, “मग बरं.” आज त्या नाहीत. त्यांच्याविषयी बोलताना आम्ही सगळे तेच रूप वापरतो, जे त्यांनी त्या दिवशी डाव्या रकान्यात लिहिलं होतं : बाई शिकवायच्या.

बाईंनी शिकवल्याचं मला आठवतं. आणि पुढं शिकवायचं माझ्या लक्षात आहे.